गाडीचे ‘शॉकअप’ आणि पाठीचा कणा

कंबरदुखीवर या सदरात काही लिहिले की पुढच्या आठवड्यात वाचकांची पत्रे आणि फोन येतात, आणि त्यांत एक प्रश्न हमखास असतो. ‘डॉक्टर, गोळ्या, शेक, व्यायाम सर्व चालू आहे. पण रोज गाडीने जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर होतात. गाडीचे शॉकअप बदलून भारीतले टाकले तर कंबर थांबेल का? आणि टाकायचेच तर कंपनीचे टाकावे की बाजारातले?’

हा प्रश्न मेकॅनिकला विचारायचा, डॉक्टरला कशाला, असे काहींना वाटेल. परंतु गाडीचे सस्पेन्शन हे शेवटी माणसाच्या पाठीसाठीच बनविलेले असते. रस्त्याचा दणका टायरने घ्यावा, उरलेला स्प्रिंगने, त्यातून उरलेला सीटच्या गादीने घ्यावा, आणि या तिघांकडून जे निसटेल ते आपल्या मणक्यांनी सोसावे, अशी ही साखळी आहे. पहिल्या तिघांपैकी एकाने काम चुकविले की चौथ्यावर भार पडतो, आणि हा चौथा माझ्या टेबलासमोर येऊन बसतो. म्हणून या विषयावर माझे मत स्पष्टपणे मांडावे असे ठरविले.

मत प्रथमच सांगून टाकतो. दहातील आठ-नऊ लोकांना ‘भारी’ सस्पेन्शनची गरज नसते. झिजलेले भाग बदलून गाडी कंपनीने दिली होती त्या स्थितीत आणणे, एवढेच त्यांना पुरते. उरलेल्या एक-दोघांना मात्र बाजारातील चांगले सस्पेन्शन खरोखर उपयोगी पडते. आपण कोणत्या गटात मोडतो हे कसे ओळखावे, ते आता पाहू.

स्प्रिंग काय करते, शॉकअप काय करतो

पुष्कळ लोकांचा समज असा की दणका शॉकअप झेलतो. प्रत्यक्षात दणका झेलते ती स्प्रिंग, किंवा जुन्या अँबॅसिडरच्या मागच्या बाजूला व जीपला असत ते पाटे. स्प्रिंग दबते आणि दणक्याची शक्ती साठवून घेते. पण साठविलेली शक्ती ती लगेच परतही करते, आणि गाडी झोपाळ्यासारखी वरखाली हलत राहते. हे हेलकावे थांबविण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या नळकांड्यातील तेल बारीक छिद्रांतून व झडपांतून ढकलले जाते, आणि हालचालीची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. स्प्रिंग व शॉकअप यांची जोडी बैलजोडीसारखी असते. एक बैल तगडा आणि दुसरा मरतुकडा असला तर गाडी सरळ चालत नाही.

साधारण प्रवासी मोटारीचा सांगाडा स्प्रिंगवर सेकंदाला एक ते दीड वेळा हेलकावतो. आपल्या चालण्याची लयही याच्या जवळपासचीच असते, त्यामुळे हा हेलकावा अंगाला परका वाटत नाही. हेलकावा याहून फारच संथ झाला, म्हणजे बोटीसारखा झाला, की मळमळ सुरू होते. उलट बाजूला, बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते सहा वेळा येणाऱ्या कंपनांना सर्वांत जास्त साथ देतो. झोपाळ्याला योग्य वेळी लहानसा धक्का दिला तरी तो उंच जातो, तसेच या वेगाची कंपने सीटवर लहान असली तरी कण्यात मोठी होतात. पाठीचे स्नायू त्यांना आवरण्यासाठी सतत ताणलेले राहतात, थकतात, आणि मग सर्व भार मणक्यांमधील गाद्यांवर येतो.

नुसते बसणे हेही गाद्यांना कष्टाचेच. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसांच्या मणक्यांतील गादीत सुई घालून दाब मोजला होता. पाठीला आधार न घेता बसले असता हा दाब उभे राहण्यापेक्षा जास्त भरतो, असे त्यांना आढळले. बसणे आणि कंपन एकत्र आले की काय होते, ते ट्रॅक्टर व ट्रक चालविणाऱ्यांच्या कंबरेला विचारावे. युरोपीय देशांनी तर २००२ साली कामगारांच्या शरीराला दिवसभरात किती कंपन बसावे याची मर्यादाच ठरवून दिली. आपल्याकडे ही मर्यादा ज्याची त्याने पाळायची आहे.

दोन प्रकारची इजा

गाडीमुळे होणारी इजा दोन प्रकारची असते. पहिली रोजच्या बारीक कंपनाची. ती हळूहळू, वर्षानुवर्षे होते. दुसरी एकाच दणक्याची. गतिरोधक दिसला नाही, किंवा खड्ड्यात चाक गेले, की स्प्रिंग पूर्ण दबते आणि आतील रबरी ठोकळ्यावर धातू आदळतो. मेकॅनिक ज्याला ‘सस्पेन्शन खाली बसले’ म्हणतात तो हा प्रकार. त्या क्षणी स्प्रिंग जणू नसतेच, आणि दणका थेट माकडहाडापासून मानेपर्यंत जातो. बसच्या मागच्या बाकावरील प्रवाशांचे मणके गतिरोधकावरच्या एका उडीत मोडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

गतिरोधक आणि पोट यांचा संबंधही वाचकांना गमतीचा वाटेल. इंग्लंडमधील डॉक्टरांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अपेंडिक्सच्या शंकेने रुग्णालयात आलेल्यांना त्यांनी विचारले, ‘येताना गतिरोधकावर पोटात कळ आली का?’ गतिरोधकांवरून आलेल्यांपैकी ३४ जणांना पुढे अपेंडिक्स निघाले, आणि त्यातील ३३ जणांनी ‘होय’ म्हटले होते. गाडीचा धक्का शरीरात किती खोल पोहोचतो हे यावरून दिसते.

सस्पेन्शन निवडताना या दोन्ही इजा ध्यानात घ्याव्या लागतात, आणि घोटाळा इथेच होतो. स्प्रिंग कडक केली तर रोजचे कंपन वाढते. फार मऊ ठेवली, किंवा मऊ स्प्रिंगवर जास्त ओझे लादले, तर ती वारंवार खाली बसते आणि दुसऱ्या प्रकारची इजा संभवते. म्हणजे ‘मऊ ते चांगले’ हे सूत्र खरे नाही आणि ‘कडक ते मजबूत’ हेही खरे नाही. आपल्या गाडीच्या वजनाला व आपल्या ओझ्याला जे जुळते ते चांगले.

कंपनीच्या बाजूने

कंपनी एखादी गाडी बाजारात आणण्यापूर्वी तिचे वजन, आसने, टायर, ब्रेक आणि सस्पेन्शन यांचा एकत्र मेळ घालते. पुण्यात १९६६ पासून असलेल्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांत गाड्यांच्या चाचण्या होतात. एकाच गाडीच्या डिझेल व पेट्रोल प्रकारांतसुद्धा पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या असू शकतात, कारण इंजिनाचे वजन वेगळे असते. कारखान्यातूनच सीएनजी बसवून येणाऱ्या गाड्यांत मागचे सस्पेन्शन टाकीचे वजन धरून जुळविलेले असते. हा मेळ गॅरेजमध्ये अंदाजाने घालता येत नाही.

काही गाड्यांच्या वरच्या श्रेणीत कंपनी स्वतःच सुधारित सस्पेन्शन देते. बारीक खडबडीवर सैल आणि मोठ्या हेलकाव्यावर घट्ट होणारे शॉकअप आता भारतात बनणाऱ्या गाड्यांतही आले आहेत. नवी गाडी घ्यायची असेल आणि घरात कंबरेचा रुग्ण असेल, तर संगीत यंत्रणा व काचेच्या छतापेक्षा या गोष्टीवर पैसे खर्च करावेत. मात्र वरच्या श्रेणीचा भाग आणून खालच्या श्रेणीच्या गाडीला लावू नये. तो ‘कंपनीचा’ असला तरी आपल्या गाडीचा नसतो.

कंपनीच्या सस्पेन्शनचा दोष म्हणाल तर ते सर्वांसाठी बनविलेले असते. सरासरी वजनाचा चालक, सरासरी ओझे, सरासरी रस्ता. आपला रस्ता सरासरी आहे काय, हा प्रश्न रास्त आहे.

बाजारातल्या सस्पेन्शनच्या बाजूने

बाजारातील सर्वच माल टाकाऊ, असे म्हणणे अन्याय होईल. शॉकअप बनविणारे कित्येक नामांकित कारखाने गाडीकंपन्यांनाही माल पुरवितात आणि स्वतःच्या नावानेही विकतात. तीन प्रसंगी मी स्वतः रुग्णांना त्यांच्याकडे जा असे सांगतो.

पहिला प्रसंग, गाडी जुनी असून कंपनीचे भाग मिळणे बंद झाले असेल तर. दुसरा, गाडीवर कायम जादा ओझे असेल तर. बाहेरून सीएनजी बसविलेली गाडी घ्या. टाकीचे वजन साठ किलोच्या आसपास, म्हणजे डिकीत एक माणूस कायम बसलेला. त्यात मागे तिघे आणि बाजाराच्या पिशव्या. मागची स्प्रिंग अर्धी आधीच दबलेली, मग ती खड्ड्यात काय झेलणार? अशा गाडीला ओझे मोजून निवडलेली थोडी ताठ स्प्रिंग व तिला जुळणारा शॉकअप लावला, तर प्रवास मऊ होतो, कारण सस्पेन्शन खाली बसायचे थांबते. तिसरा प्रसंग, रोज डोंगरी किंवा शिवाररस्त्याने जाणाऱ्यांचा. तापून ढिला न पडणारा दर्जेदार शॉकअप तिथे पैसे वसूल करून देतो.

स्प्रिंग थोडी ताठ झाली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ती ३० टक्के कडक झाली तर गाडीच्या हेलकाव्याचा वेग सुमारे १४ टक्केच वाढतो. खरी भीती वाटते ती अर्धवट उपायांची. नुसती स्प्रिंग बदलून शॉकअप जुनाच ठेवणे, स्प्रिंग कापून गाडी खाली बसविणे, शर्यतीच्या गाड्यांचे कडक शॉकअप दिखाव्यासाठी लावणे, आणि स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर कोंबणे, या चार गोष्टी मी कंबरेच्या शत्रू मानतो.

शेवटच्या गोष्टीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण ती सर्वांत स्वस्त असल्याने सर्वांत जास्त चालते. आमच्या भागातील एका आडत व्यापाऱ्याच्या गाडीचे पोट गतिरोधकाला घासत असे. गॅरेजवाल्याने चारही स्प्रिंगांत रबरी बफर बसवून दिले. गाडी उचलली गेली, घासणे थांबले, सर्वजण खूश. महिन्याभराने त्यांच्या सत्तरी ओलांडलेल्या आई मागच्या सीटवर असताना गाडी वेगात गतिरोधकावरून गेली. आईंच्या पाठीत कळ आली ती थांबेना. क्ष-किरण चित्रात कमरेचा पहिला मणका दबून मोडल्याचे दिसले. पट्टा, विश्रांती आणि हाडांची औषधे यांत चार महिने गेले, आणि त्यानंतरही त्यांचे एकटीने देवळात जाणे बंद झाले ते झालेच.

केवळ रबरामुळे मणका मोडला, असे मी म्हणणार नाही. हाड आधीपासून ठिसूळ होते, वेग जास्त होता, आणि त्या गतिरोधकाला गतिरोधक म्हणावे की बांध, हा प्रश्नच आहे. परंतु बफर बसविला की स्प्रिंगचे काही वेढे कामातून जातात. ती कडक होते आणि तिला दबायला जागा कमी उरते. म्हणजे गाडीचे पोट वाचते आणि गाडीतल्या माणसाची पाठ उघडी पडते. शे-पाचशे रुपयांच्या या वस्तूने चारही माणसांच्या पाठीचा सौदा होतो, हे विकणाराही सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही. माझी तक्रार या न विचारण्याबद्दल आहे.

खर्चापूर्वी तपासणी

ताप आला की कोणी थेट शस्त्रक्रिया करीत नाही. गाडीचेही तसेच. प्रथम टायरमधील हवा तपासावी. दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत जो आकडा दिला आहे तेवढीच हवा, टायर थंड असताना भरावी. ‘मायलेज वाढते’ म्हणून पाच-सहा पौंड जास्त हवा भरणारे आणि नंतर कंबर दुखते म्हणणारे गृहस्थ मला दर महिन्याला भेटतात.

नंतर शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का ते पाहावे. गाडीचा एकेक कोपरा जोराने दाबून सोडावा. एकदा वर येऊन ती स्थिर झाली तर ठीक, हेलकावत राहिली तर शॉकअप संपला असे समजावे. ही तपासणी ढोबळ आहे, पण फुकट आहे. टायर ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखे झिजले असतील, ब्रेक दाबताच गाडी नाक खुपसत असेल, तरीही संशय घ्यावा. खडखड आवाज पुष्कळदा शॉकअपचा नसतोच. लिंक रॉड, बुश, बॉल जॉइंट अशा लहान भागांचा असतो, आणि थोडक्यात काम होते. संपलेल्या शॉकअपने चाक रस्त्यावर नीट टेकत नाही आणि ब्रेक लागण्याचे अंतर वाढते. तेव्हा हा प्रश्न कंबरेपुरताही राहत नाही.

बदलायचेच ठरले तर शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत, पुढचे दोन किंवा मागचे दोन. बाजारातले घ्यायचे असल्यास दुकानदाराला चार प्रश्न विचारावेत. हे माझ्याच गाडीच्या, याच इंजिनाच्या प्रकारासाठी आहेत का? स्प्रिंग व शॉकअप एकमेकांना जुळविलेले आहेत का? किती ओझे धरून बनविले आहेत? पावती व हमी मिळेल का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘साहेब, बिनधास्त टाका’ असे आले तर नमस्कार करून बाहेर पडावे. शक्य असेल तर तेच सस्पेन्शन बसविलेल्या दुसऱ्या कोणाच्या गाडीतून आपल्या नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारावी, आणि ती मागच्या सीटवर बसून मारावी. चालविणाऱ्याला कडक गाडी नेहमीच आवडते. मत विचारायचे ते मागे बसणाऱ्या आजीचे.

उंचीचाही विचार व्हावा. गाडी फार उंच झाली तर गुडघेदुखीच्या माणसाला चढता येत नाही. फार खाली आणली तर उठता येत नाही. सीट आपल्या मांडीच्या उंचीला असावी, म्हणजे बसून आत वळता येते. कायद्याकडेही लक्ष असू द्यावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली हे ठामपणे सांगितले. झिजलेल्या भागाच्या जागी तसाच भाग बसविणे निराळे, आणि गाडीचे रूपच बदलणे निराळे. शंका असल्यास आरटीओ कार्यालयात विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. नव्या गाडीला बाहेरचा भाग लावल्यास कंपनी हमी नाकारू शकते, हेही आधीच जाणून घ्यावे.

बिनखर्चाचे सस्पेन्शन

सर्वांत चांगले सस्पेन्शन आपल्या उजव्या पायात असते. वेग कमी केला की तोच खड्डा निम्मा होतो. ‘इंडियन रोड्स काँग्रेस’च्या शिफारशीप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता येतो. आपल्या गावातील किती गतिरोधक या मापात बसतात, हे टेप घेऊन कोणीही मोजू शकतो. नगरपालिकेकडे अर्ज करताना हे माप लिहावे. मोघम तक्रारीपेक्षा आकड्याची दखल लवकर घेतली जाते. गावचे चार गतिरोधक सुधारले तर हजारो पाठींना आराम मिळेल, आणि तो कोणत्याही दुकानात मिळणार नाही.

सीटची पाठ थोडी मागे कललेली ठेवावी. कंबरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी घ्यावी. मागच्या खिशातील पाकीट काढून ठेवावे. तास-दीड तासाने उतरून पाच मिनिटे चालावे. लांबच्या प्रवासातून उतरल्याबरोबर डिकीतील पोते किंवा सिलिंडर उचलू नये. गाद्या व स्नायू त्या वेळी थकलेले असतात, आणि ‘लचक भरली’ म्हणून येणाऱ्यांपैकी बरेच जण अशाच क्षणी सापडलेले असतात. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि पाठीची शस्त्रक्रिया झालेले यांना मागच्या चाकांच्या वर बसवू नये. दोन चाकांच्या मधल्या भागात, शक्यतो पुढच्या सीटवर बसवावे. पट्टा सर्वांनी बांधावा. गरोदर स्त्रीने त्याचा खालचा भाग पोटाखालून, मांड्यांच्या वरच्या हाडांवर घ्यावा.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. कोणतेही सस्पेन्शन, कंपनीचे असो वा बाजारातले, कंबरदुखीचे औषध नाही. ते दुखण्यात भर घालायचे थांबविते, एवढेच. तेव्हा दुखणे दीड महिन्याहून जास्त टिकले, रात्री झोपेतून उठवू लागले, किंवा दणक्यानंतर वृद्ध माणसाच्या पाठीत एकाच जागी कळ राहिली, तर गॅरेजची वाट न धरता तपासणी करून घ्यावी. आणि पायातील शक्ती कमी होत असेल, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा आला असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर एक तासही न दवडता रुग्णालय गाठावे. गाडीचा शॉकअप उद्याही बदलता येतो. दबलेल्या मज्जातंतूंना उद्यापर्यंत थांबता येत नाही.